आजी शुक्रवारी शाळेत गेली

आमच्या फॅमिली ग्रुपवर शुक्रवारी दुपारपासूनच ‘शब्बाथ शालोम’चे मेसेज सुरू होतात. फुलांचे, मेणबत्त्यांचे, कधीकधी मागे चक्क दिवाळीच्या पणत्या असलेले, कारण फॉरवर्ड करण्याआधी नीट बघायचं असतं हे माझ्या काकांना अजून पटलेलं नाही. पण सगळे वाट बघत असतात ती ताईच्या फोटोची. ताई इस्रायलमध्ये अश्दोदला राहते. तिची मुलगी, आमची चिऊ, बालवाडीत होती तेव्हा दर शुक्रवारी वर्गातला एक फोटो यायचा. पांढऱ्या कपड्यांतली पंचवीस-तीस मुलं, मध्ये बुटकं टेबल, त्यावर दोन मेणबत्त्या.

त्यातल्या एका शुक्रवारी त्या वर्गात मी होते. आणि माझी आजीही होती. त्या दिवसाबद्दल कधीतरी लिहायचंच, असं तेव्हापासून मनात आहे.

आधी थोडी ओळख करून देते, कारण हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेलाय. “तू ज्यू आहेस? पण मराठी इतकं छान कसं बोलतेस?” अहो, माझी मातृभाषाच मराठी आहे! आम्ही बेने इस्राएल. आमची आडनावं कोकणातल्या गावांवरून पडलेली, शेवटी ‘कर’ लागलेली. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले आणि सात पुरुष आणि सात बायकाच वाचल्या, अशी आमच्याकडची आख्यायिका. पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं, शनिवार तेली. प्रार्थना विसरल्या, हिब्रू विसरली, पण शनिवारची सुट्टी नाही विसरले.

ही शनिवारची सुट्टी म्हणजेच शब्बाथ. ज्यू लोकांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळी लागतो आणि शनिवारी आकाशात तारे दिसले की संपतो. सूर्य मावळायच्या थोडं आधी घरातली बाई दोन दिवे लावते, डोळे झाकून आशीर्वादाची प्रार्थना म्हणते. मग द्राक्षाच्या रसावरची किंवा वाइनवरची प्रार्थना, ती किद्दूश. मग पाव, मिठाला लावून. मग जेवण. त्यानंतर काम नाही, पैशांचे व्यवहार नाहीत, विस्तव पेटवायचा नाही, लिहायचंसुद्धा नाही.

हे ‘लिहायचंसुद्धा नाही’ लक्षात ठेवा. त्याच्याशी पुढे काम आहे.

२०२३चा फेब्रुवारी. ताईला दुसरं बाळ होणार होतं. आईला बँकेतून रजा बाळ झाल्यावरच मिळणार होती, म्हणून आधी आजी आणि मी निघालो. मी नुकतीच बी.ए. होऊन घरून कंटेंट रायटिंग करायला लागले होते, त्यामुळे लॅपटॉप घेतला की माझं ऑफिस सोबत. आजी तेव्हा ऐंशीच्या पुढची. पाय दुखतात, पण विमानात तिने खिडकी सोडली नाही.

दुसऱ्याच आठवड्यात बालवाडीच्या पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला. या शुक्रवारी आमची चिऊ ‘इमा शेल शबात’, म्हणजे शब्बाथची आई. तिकडच्या बालवाड्यांमध्ये ही पद्धत आहे. दर शुक्रवारी एक मुलगी आई होते आणि एक मुलगा ‘अबा शेल शबात’, म्हणजे बाबा. दोघांनी मिळून वर्गाचा शब्बाथ साजरा करायचा. तिथे रविवार ते शुक्रवार शाळा, शुक्रवारी दुपारी लवकर सुटते, त्याआधी हा कार्यक्रम. मुलींना बाहुलीच्या लग्नात नवरीची आई व्हायला मिळाल्यावर जो रुबाब येतो ना, तसा चिऊला आठवडाभर आला होता. यादीही आली होती. दोन पाव, द्राक्षाचा रस, केक, फुलं, पांढरा पोशाख.

त्या पावाला हिब्रूत म्हणतात खाला. हा वेणीसारखा विणलेला, वरून चकाकणारा गोडसर पाव. मराठीत हा शब्द लिहायचा कसा, यावर मी आणि ताईने एक अख्खी संध्याकाळ घालवली. ‘हल्ला’ लिहिलं तर मारामारी, ‘खाल्ला’ लिहिलं तर संपलाच, आणि ‘खाला’ म्हटल्यावर आजी म्हणाली, “मुमताजच्या मावशीला खाला म्हणायचे. पाव कुठला?”

आजीच्या घरी खाला कधी नव्हताच. आमच्या ठाण्याच्या घरीही नाही. शुक्रवारी आजी काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल तेल आणि वात असा दिवा लावायची. वाइनऐवजी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून केलेलं सरबत. आणि पावाच्या जागी चपात्या. दोन. शब्बाथला दोनच लागतात, कारण वाळवंटात देवाने शुक्रवारी दुप्पट मान्ना दिला होता, असं तोरामध्ये आहे. म्हणून यादी ऐकल्यावर आजीने सरळ सांगितलं, “पाव कशाला विकत आणताय? मी चपात्या लाटते. शाळेत नेऊ दे तिला.”

चिऊला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती हिब्रूतून देते. “लो,” ती म्हणाली. म्हणजे नाही. मग आजीला नीट समजावं म्हणून मराठीत, “चपाती नको. खाला.”

“का ग?”

उत्तर नाही. नंतर ताईने मला स्वयंपाकघरात सांगितलं. चार महिन्यांपूर्वी चिऊच्या डब्यात बटाट्याची भाजी आणि चपाती होती, तर शेजारच्या मुलाने नाक दाबलं होतं. बस, एवढंच. मूल ते, चार वर्षांचं, त्याला काय कळतंय. पण त्या दिवसापासून चिऊचा डबा म्हणजे ब्रेड आणि चीज.

मला राग आला होता. ताईला नाही आला, किंवा तिने तो दाखवला नाही. आमच्या लोकांना त्या देशात याहून मोठं ऐकून घ्यावं लागलंय. १९६०च्या दशकात तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नांसाठी वेगळी चौकशी लावली होती. म्हणजे तुम्ही खरे ज्यू आहात का, हे आधी तपासणार. १९६४मध्ये आमची माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे ते मागे घेतलं गेलं. शेकडो वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवला, आणि तरी विचारलं, खरे का? असो. ती गोष्ट वेगळी आणि मोठी आहे. मला फक्त एवढंच म्हणायचंय, की नाक दाबणं छोटं असलं तरी घरातल्या मोठ्यांना त्यात बरंच काही आठवतं.

आजीला आम्ही डब्याचं सांगितलं नाही. ती म्हणाली, “बरं, नको तर नको.” आणि चिऊचा पांढरा फ्रॉक इस्त्री करायला बसली.

गुरुवारची रात्र होती. चिऊ झोपली होती. मी लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत होते. फ्रॉकच्या बाहीवरून इस्त्री फिरवता फिरवता आजीने विचारलं, “शाळेतच करतात? शब्बाथ? बाई करतात?”

“हो, आजी. सगळ्याच बालवाड्यांमध्ये.”

“शाळेत,” ती परत म्हणाली.

मग तिने जे सांगितलं, ते मी पंचवीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. माझ्या आईनेही नव्हतं ऐकलं, नंतर विचारलं तिला.

आजी अलिबाग तालुक्यातल्या एका खेड्यातली. तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता. मुंबईत आमच्या समाजाने १८७५ सालीच स्वतःची शाळा काढली होती, तीच आज माझगावातली सर एली कदूरी शाळा. पण मुंबई म्हणजे खाडीपलीकडे, बोटीने जायचं. आजी गावच्या मराठी शाळेत. गावात बेने इस्राएलांची तीन घरं. आणि शनिवारी असायची सकाळची शाळा, जी महाराष्ट्रात शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. कवायत, पाढे, मग लवकर सुट्टी. मुलांचा सगळ्यात आवडता दिवस. आजी मात्र शनिवारी घरी.

सोमवारी गुरुजी हजेरी घेताना विचारायचे, “शनिवारी कुठे होतीस?” दर सोमवारी तोच प्रश्न, जणू उत्तर बदलणार आहे. मग उभं राहायचं, पहिला तास संपेपर्यंत. “मारलं नाही हो कधी,” आजी म्हणाली. “माणूस वाईट नव्हता. नियम होता.” मैत्रीण वही द्यायची, तीही रविवारी, कारण शनिवारी आजीचे वडील पेन्सिलीला हात लावू द्यायचे नाहीत.

एका वर्षी तिने हट्ट केला, की मी शाळेत नुसती बसते, लिहीत नाही. वडिलांनी परवानगी दिली. ती गेली. गुरुजींनी शुद्धलेखन घातलं. सगळ्यांच्या पाट्यांवर लेखण्या करकरताहेत आणि ही हात मांडीवर ठेवून बसलेली. गुरुजींना वाटलं, मुद्दाम करते. त्यानंतर नाही गेली.

आणि चौथीला गणिताचा पेपर शनिवारी आला.

वडील हेडमास्तरांना भेटायला गेले. हेडमास्तरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाले, माझ्या हातात नाही. आजी पेपरला बसली नाही. नापास. परत चौथीत बसवायचं की नाही यावर घरात बोलणं झालं, आणि तेवढ्यात धाकटा भाऊ झाला, घरात हात हवे होते. शाळा संपली.

“गणित चांगलं होतं माझं,” आजी म्हणाली आणि फ्रॉक हँगरला लावला.

मी काय बोलणार? मी ठाण्याच्या कॉलेजात शिकले. माझ्या तिसऱ्या वर्षाचा एक पेपर शनिवारी होता. तो मी लिहिला, दोन तास, पुरवण्या जोडून, आणि संध्याकाळी मैत्रिणींबरोबर पाणीपुरी खाल्ली. एकदाही मनात आलं नव्हतं. घरी कोणी काही म्हटलंही नव्हतं. आजीने तर त्या दिवशी सकाळी हातावर दही-साखर ठेवली होती.

शुक्रवारी सकाळी आम्ही चौघी निघालो. ताई, मी, आजी आणि पुढे शब्बाथची आई, डोक्यावर फुलांची चकती लावून. आजीने काठापदराची पांढरी साडी नेसली होती. पिशवीत तिचा स्टीलचा डबा दिसला. मी विचारलं नाही, पण मला कळलं त्यात काय आहे. पहाटे तव्याचा वास आला होता.

वर्गात मुलांच्या छोट्या खुर्च्या गोलात मांडलेल्या. सगळे पांढऱ्या शर्टात, काहींच्या शर्टावर सकाळच्या चॉकलेट दुधाचा डाग. आधी दानाचा डबा फिरला. प्रत्येकाने घरून आणलेलं नाणं त्यात टाकलं. आवाज मोठा यावा म्हणून उंचावरून. मग चिऊ आणि तो मुलगा, त्याच्या डोक्यावर जरा मोठी झालेली किप्पा, टेबलामागे जाऊन बसले. मेणबत्त्या बाईंनीच पेटवल्या. खरे दिवे संध्याकाळी घरी, ही तालीम. पण चिऊने दोन्ही हात ज्योतीवरून तीनदा स्वतःकडे फिरवले, तळव्यांनी डोळे झाकले आणि प्रार्थना म्हणायला लागली, तेव्हा ती तालीम वाटत नव्हती. बोटांच्या फटीतून ती आम्हाला बघत होती, हे खरं. मी सहज मागे वळून पाहिलं. भिंतीजवळच्या खुर्चीवर आजीनेही डोळे झाकले होते.

टेबलावर दोन खाला होते, नक्षीच्या रुमालाखाली झाकलेले. बाईंनी मुलांना विचारलं, की पाव का झाकून ठेवतो आपण? माझी हिब्रू प्रार्थनेच्या पुस्तकापुरती, पण ताई कानात सांगत होती. एक मुलगा म्हणाला, माश्या बसू नयेत म्हणून. एक मुलगी म्हणाली, तो झोपलाय. सगळे हसले. मग बाईंनी सांगितलं. एरवी जेवताना पहिला मान पावाचा, पहिली प्रार्थना त्याच्यावर. पण शब्बाथला द्राक्षाच्या रसाची प्रार्थना आधी होते. मग पावाला वाईट वाटेल ना, लाज वाटेल ना, की सगळ्यांसमोर मला मागे ठेवलं? म्हणून तेवढा वेळ त्याला झाकून ठेवायचं. त्याला दिसू नये म्हणून.

ही समजूत जुनी आहे, मलाही माहीत होती, लहानपणी कधीतरी ऐकलेली. आजीला नव्हती. आमच्याकडे चपात्या डब्यात असायच्या, वेगळा रुमाल कोण घालणार?

“काय म्हणाल्या?” आजीने विचारलं. ताईने सांगितलं.

“पावाला लाज वाटेल म्हणून?”

“हो.”

आजी बराच वेळ टेबलाकडे बघत राहिली. किद्दूश झाला, इवल्या कागदी कपांतून द्राक्षाचा रस फिरला, दोन कप सांडले. मग ती हळूच म्हणाली, “पावाची एवढी काळजी घेतात. आम्हाला तासभर उभं करायचे.”

ताईने तिचा हात धरला. मी उगाच मोबाईलवर व्हिडिओ काढत राहिले. त्या व्हिडिओत अर्धा मिनिट फक्त फरशी आहे.

कार्यक्रम संपताना बाईंनी चिऊला विचारलं, पाहुण्या कोण आल्यात? चिऊने सांगितलं. सगळा वर्ग आजीकडे वळून एका सुरात ओरडला, “शबात शालोम!” आजी उठून उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “शब्बाथ शालोम.”

आमच्याकडे असंच म्हणतात, ‘थ’ लावून. तिकडे ‘शबात’. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने लगेच चूक सुधारली, “शब्बाथ नाही, शबात!” मला वाटलं, झालं, आता चिऊ खाली बघणार. तिने खरंच खाली पाहिलं. मग मान वर न करता काहीतरी म्हणाली. ताईने भाषांतर केलं, “ती म्हणतेय, भारतात तसंच म्हणतात. दोन्ही चालतं.”

आजी पुढे गेली. चिऊचे दोन्ही हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतले, सोडले आणि आपल्या बोटांची टोकं ओठांना लावली. याला आमच्यात हातबोशी म्हणतात. सिनेगॉगमध्ये प्रार्थना झाली की मोठ्यांपासून लहानांपर्यंत सगळे एकमेकांना असं करत जातात. शांतीचं चुंबन हातातून हातात पुढे जातं. चिऊने ते ठाण्याला आली होती तेव्हा पाहिलं होतं. तिनेही आपली बोटं ओठांना लावली आणि लगेच शेजारच्या ‘बाबां’चे हात धरले. त्याला वाटलं खेळ आहे. त्याने पुढच्याचे धरले. दोन मिनिटांत वर्गात गोंधळ. कोण कोणाचे हात धरतंय कळेना, काही मुलं आजीसमोर रांग लावून उभी, दोघं दुसऱ्यांदा. त्यात तो नाक दाबणारा मुलगाही असेल. कोणता ते मी विचारलं नाही.

स्टीलचा डबा पिशवीतच राहिला. आजीने काढला नाही, आम्हीही काढायला लावला नाही. दिलेला शब्द होता, चपाती नको म्हणून. बाहेर पडताना आजीने ताईकरवी बाईंना एकच विचारलं, “शनिवारी शाळा असते का?” बाई हसल्या. म्हणाल्या, शनिवारी कशी असेल? आजी म्हणाली, “हो, तेही खरंच.”

फेब्रुवारीत तिकडे साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो. पाच वाजता घरात नेहमीची धावपळ. नारळाच्या दुधातली कोंबडी शेगडीवरून उतरवायची, अंघोळी, जिजू फुलं घेऊन आले. ताईने मेणबत्त्या लावल्या. आजीने शेजारी स्वतःचा पेला ठेवला, पाणी, तेल, वात. चिऊ आपण दिवसभर आईच आहोत अशा थाटात टेबल मांडत होती. शाळेतून परत आणलेला उरलेला अर्धा खाला तिने मध्ये ठेवला, त्यावर वर्गात रंगवलेला कापडी रुमाल पसरला. मग थांबली.

“आजी,” ती म्हणाली, आणि मराठीतच, “तुझ्या चपात्या?”

आजीने डबा उघडला. सकाळच्या होत्या, जरा वातड झालेल्या. चिऊने त्या दोन्ही काढून खालाच्या शेजारी ठेवल्या. रुमाल पुरेना. एक बाजू ओढली की दुसरी उघडी पडायची. तिने तीनदा ओढून पाहिलं, मग रागाने स्वयंपाकघरातून ओट्यावरचा निळा नॅपकिन आणला आणि चपात्यांवर तो घातला, चारी कडा आत खोचून.

मग जिजूंनी मनुकांचं सरबत हातात घेतलं आणि किद्दूश सुरू झाला.

सकाळचे माझ्याकडे चौसष्ट फोटो आहेत. याचा एकही नाही. ताईच्या घरी शुक्रवारी दिवे लागले की फोन कपाटात जातात.